आबांची कॉइल आणि बंद कूलर

मे महिन्यातल्या दुपारी, मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला आलेल्या पाहुण्यांनी घर भरलेलं असताना, घरातले सगळे कूलर स्वतःच्या हाताने बंद करणारा मी नागपुरातला पहिला वधूपिता आहे. हे माझ्या बायकोचं मत आहे, आणि माझ्या बाबतीतली तिची मतं सहसा खोटी ठरत नाहीत.

नागपूरबाहेरच्या वाचकांना या गुन्ह्याचं गांभीर्य कळणार नाही, म्हणून सांगतो. कूलर म्हणजे खिडकीत बसवलेली पत्र्याची मोठी पेटी. तीन बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, तळाशी पाणी, मध्ये पंखा आणि मोटार. मार्च संपता संपता ही पेटी गच्चीवरून खाली येते आणि पाऊस लागेपर्यंत घरातला कर्ता पुरुष तीच असते. पाहुणा आला की आधी पाणी, मग कूलरसमोरची खुर्ची. (जावई असेल तर आधी खुर्ची.) मे महिन्यात आलेल्या माणसासमोरचा चालू कूलर बंद करणं म्हणजे त्याच्या पुढ्यातलं वाढलेलं ताट उचलून नेणं. मी ते केलं, आणि माझ्या वडिलांच्या कानांसाठी केलं.

माझे वडील म्हणजे आबा. त्यांची सगळी उमर कामठीत यंत्रमागावर गेली. चालत्या मागांच्या कारखान्यात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर आवाज कामाचा नसतो. तिथे ओठ हलवतात आणि हात हलवतात. त्या खडखडाटाने आबांचे कान नेले, पण बदल्यात त्यांना ओठ वाचायची विद्या दिली. समोरचा माणूस उजेडात बसला, सावकाश बोलला आणि त्याच्या मिश्या आटोपशीर असल्या, की आबांना निम्मं-अर्धं कळतं. माझ्या मिश्या आटोपशीर नाहीत. त्यामुळे माझं कळतच नाही, असं ते म्हणतात.

कानाला लावायची मशीन आम्ही घेऊन दिली होती. आबांनी ती लावली, चार दिवस घरात फिरले आणि काढून ठेवली.

"यात सगळंच ऐकू येते गा," ते म्हणाले. "कुकर येते, खुर्च्या येते, लेकरं येते, बायांच्या बांगड्या येते. माणूस काय बोलून राहिला, तेवढंच येत नाही."

तरीही मोठ्या मुलाच्या, प्रशांतच्या साक्षगंधाला आम्ही त्यांना मशीन लावून पुढच्या खुर्चीत बसवलं. आमच्याकडे कुठलंही कार्य त्रिशरण-पंचशीलाने सुरू होतं. आबांना वंदना तोंडपाठ, आवाज खणखणीत. फक्त बाकीचे कुठे पोचले हे ऐकू येत नाही. ते एक ओळ पुढे निघाले. मग दोन ओळी पुढे. शेवटी त्यांची वंदना संपली आणि ते हात जोडून आमची संपायची वाट बघत बसले. पुढे मुलीकडचे एक काका उठले आणि त्यांच्या भावाचं हृदयाचं ऑपरेशन कसं बिघडलं हे सांगू लागले. ते मध्येच गहिवरून थांबले. आबांना वाटलं, भाषण झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने वाजवल्या, म्हणून आम्हा सगळ्यांना वाजवाव्या लागल्या.

त्या दिवसानंतर आबा चारचौघांत बसेनासे झाले. घरात पाहुणे आले की ते आतल्या खोलीत जाऊन पडत. कुणी बोलवायला गेलं की म्हणत, "मले काहून नेता? फोटोत बसवाले?" हे ते हसून म्हणत, आणि ऐकणाऱ्याला हसता येत नसे.

त्यामुळे मुलीचं, मृणालचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा तिने एकच अट घातली. आमच्या बैठकीत दोन्ही घरच्या सगळ्यात मोठ्या माणसाला पसंती विचारतात; त्याने हो म्हटलं की मग गंध, अंगठी आणि पेढे. प्रशांतच्या वेळी आबांच्या वतीने मीच हो म्हणून टाकलं होतं. या वेळी तसं चालणार नव्हतं.

"हो आबाच म्हणतील," मृणाल म्हणाली. "आणि विचारलेलं ऐकून म्हणतील. तुम्ही कोपराने ढोसून म्हणवायचं नाही."

"अगं, पण त्यांना ऐकू..."

"ते तुम्ही पाहा. तुम्ही म्हणता ना, तुम्ही इंजिनिअर आहात."

मी आबांना घेऊन सदरला कानाच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण मुलीने मशीन हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "यातली टी तुम्ही कधी वापरली का?"

"टी म्हणजे?"

"टेलिकॉइल. मशीनच्या आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. एरवी मशीनचा माइक खोलीतले सगळे आवाज गोळा करतो, म्हणून गर्दीत आजोबांना गोंगाटच येतो. हे बटण दाबून टीवर केलं की माइक बंद होतो आणि फक्त ते वेटोळं जागं राहतं. त्याला आवाज कळत नाही, चुंबकीय लहरी कळतात. तुम्ही खोलीच्या कडेकडेने एक तार फिरवायची, ती ॲम्प्लिफायरला जोडायची आणि बोलणाऱ्याजवळ माइक द्यायचा. बोलणं तारेतून लहर होऊन येतं आणि आजोबांच्या कानात पुन्हा बोलणं होतं. मधली भांडी नाहीत, लेकरं नाहीत. बोलणारा कानाशी तोंड लावून बोलल्यासारखं ऐकू येतं."

कॉइल हा शब्द ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस. (खात्यात माझं मुख्य काम बिलांच्या तक्रारी ऐकून घेण्याचं होतं, हे मी त्या मुलीला सांगितलं नाही.) ती म्हणाली, "जाणकार माणसाकडून बसवून घ्या." मी म्हणालो, "समोरच बसलाय." त्यानंतर ती मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर यांच्याबद्दल काहीतरी समजावत होती, पण तोवर मी मनातल्या मनात आमची बैठकीची खोली मोजायला घेतली होती. आबा मात्र तिच्या ओठांकडे टक लावून बघत होते. माझे कान अगदी चांगले आहेत, तरी मी ऐकलं नाही.

घरी येऊन मी हिला, म्हणजे शालूला, योजना सांगितली.

"तुमी काही करू नका," ती म्हणाली. "आपण इलेक्ट्रिशियन बोलावू."

"मग मी कोण आहे?"

"तेच म्हणून राहिली मी."

पुढचे काही दिवस मी जमिनीवर रांगत काढले. भिंतीच्या कडेने तार, सोफ्याखालून तार, शोकेसच्या मागून तार, दारापाशी सतरंजीखालून तार. शालू त्या तारेत दोनदा अडकली, कामवाली एकदा, आणि बसवणारा स्वतः किती वेळा, हे मोजण्यात अर्थ नव्हता. "घरात हे सापळे उंदरासाठी लावले का माणसासाठी?" असं शेजारच्या वहिनींनी दारातून विचारलं आणि आत यायला नकार दिला. पण एके दिवशी पहाटे सगळं जोडून झालं. आबांना खुर्चीत बसवलं, कानामागचं बटण टीवर केलं आणि छातीला लावायचा बिनतारी माइक घेऊन मी गच्चीवर गेलो.

"आबा! ऐकू येते का? मी गच्चीवर आहे!"

खालून आबांचा आवाज आला, "ओरडू नको गा. माह्या कानात बसून ओरडून राहिला."

मी तसाच उभा राहिलो. कित्येक वर्षांत आबांनी मला ओरडू नको म्हटलं नव्हतं. मागे मृणाल येऊन उभी होती. तिने माझ्या हातातून माइक घेतला.

"आबा, मी मृणाल."

मी जिन्याने उतरून खोलीत आलो. आबा कानावर हात ठेवून बसले होते, कुणी तो आवाज काढून घेईल अशी भीती असल्यासारखे.

"हे मृणाल आहे?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "हिचा आवाज असा आहे?"

त्यांचे कान गेले तेव्हा ती शाळेत होती. त्यांच्या लक्षात होता तो परकरातल्या पोरीचा आवाज. ते छताकडे तोंड करून म्हणाले, "मोठी झाली वं तू." मग ती वरून कितीतरी वेळ बोलत राहिली. काय बोलली ते आम्हाला कळायचं कारण नव्हतं, कारण ते बोलणं फक्त आबांच्या कानात जात होतं. आबा मध्येच हसत होते, मध्येच "हो का" म्हणत होते. शालू चहाचा कप हातात घेऊन दारातच थांबली. आपण आयुष्यात एक तरी धड काम केलं, असं मला त्या पहाटे वाटलं, आणि ते वाटणं मी साक्षगंधाच्या दिवशी दुपारपर्यंत जपलं.

पुढच्या सगळ्या चाचण्याही मी पहाटेच घेतल्या. पहाटे घर शांत असतं, हे कारण. पहाटे कूलर बंद असतात, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

साक्षगंधाची वेळ दुपारची होती. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मुलाकडची मंडळी घामाघूम होऊन आत आली आणि आमच्या तीन कूलरांसमोर उभी राहून "हाऽऽ" म्हणाली. मुलगा, स्वप्निल, कोट घालून आला होता. त्याची आजी, आईवडील, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे मामा, गुलाबराव. हे गुलाबराव बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरले की आधी यंत्रं बघायची, मग माणसं बघायची, अशी त्यांची रीत. त्यांनी माझ्या तारा बघितल्या आणि काही बोलले नाहीत.

आबांना मी मानाची जागा दिली होती. मानाची जागा म्हणजे अर्थातच सगळ्यात मोठ्या कूलरच्या अगदी तोंडाशी. विहारातले बौद्धाचार्य वंदना घ्यायला उभे राहिले, मी त्यांच्या छातीला माइक लावला, आबांना खूण केली. आबांनी बटण टीवर केलं आणि दचकून मागे सरले.

"माग सुरू झाला," ते म्हणाले.

"कुठला माग?"

त्यांना माझं ऐकू येत नव्हतंच. "कामठीचा माग चालू झाला गा माह्या कानात. घूं करून राहिला. बाकी काहीच नाही."

त्यांचा चेहरा उतरला. कान पुन्हा गेल्यासारखे ते उठून आत जायला निघाले. मृणालने आतल्या दारातून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला, कारण दवाखान्यातल्या त्या मुलीने मोटारींबद्दल काहीतरी म्हटलं होतं. कूलरची मोटार! मोटार म्हणजे तांब्याची वेटोळी, म्हणजे चुंबकीय लहरी, आणि कानातल्या कॉइलला काय, कुठलीही लहर आली की ती घेऊन गाणारच. मी झेप घेऊन मोठा कूलर बंद केला. आबा थांबले. त्यांनी कानाला हात लावला आणि परत बसले.

"गेला," ते म्हणाले.

इथे थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो. पण धोका नको म्हणून मी उरलेले दोनही कूलर बंद केले.

वंदना सुरू झाली. बौद्धाचार्यांचा आवाज हळू होता, मागच्यांना नीट पोचत नव्हता, पण आबांच्या कानात तो थेट उतरत होता. आबा सगळ्यांच्या बरोबर म्हणत होते. एकही ओळ पुढे नाही, एकही मागे नाही. प्रशांतने माझ्या पाठीवर हात ठेवला. शालूने पदराने डोळे टिपले. अर्थात तोपर्यंत सगळेच पदराने, रुमालाने आणि पाहुण्यांच्या टॉवेलने काही ना काही टिपत होते, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही.

वंदना संपताच लोक कूलरांकडे बघू लागले. पंखे चालू होते, म्हणजे गरम हवा सगळ्यांना सारखी वाटली जात होती. स्वप्निलच्या कोटाची बाही ओली दिसायला लागली. ताटातले पेढे एकमेकांना चिकटून एकच मोठा पेढा होण्याच्या बेतात होते. स्वप्निलच्या आजीने पेढ्यांवरचं झाकण उचललं आणि त्याने वारा घ्यायला सुरुवात केली.

"लाइन गेली का जी?" त्यांनी विचारलं.

"नाही, लाइन आहे," मी म्हणालो. "कूलर आम्ही बंद ठेवलेत."

"आवाज होते म्हणून?"

"आवाजाचा प्रश्न नाही आजी. चुंबकीय क्षेत्राचा प्रश्न आहे."

आजींनी झाकणाचा वेग वाढवला. शालूने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी गुलाबरावांकडे वळलो. आता बोलणार तेच होते, म्हणून बौद्धाचार्यांकडचा माइक काढून मी तो गुलाबरावांच्या खिशाला लावला.

"हे आबांना ऐकू यावं म्हणून," मी म्हणालो.

गुलाबरावांनी बोटाने माइकवर टकटक केली. "हॅलो. हॅलो. चेक." खोलीत काहीच उमटलं नाही. पलीकडे आबांनी मात्र खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"बिघडलं जी तुमचं मशीन. आवाजच नाही."

"आवाज येणार नाही. तो फक्त आबांच्या कानात जातो."

"बाकीच्यायले नाही येत?"

"नाही."

"फक्त त्यायलेच?"

"हो. ही जी तार आहे ना, तिच्यातून..."

"असं असं," गुलाबराव म्हणाले. एखाद्याने स्वप्नात दृष्टांत झाल्याचं सांगितलं की आपण ज्या आवाजात म्हणतो, त्या आवाजात. यंत्रातून आवाज आला नाही म्हणजे यंत्र बंद आहे, हा त्यांचा कारखान्यातला अनुभव. माइक त्यांनी काढला नाही, कारण तो खिशावर बिल्ल्यासारखा शोभत होता. ते बहिणीशेजारी, म्हणजे स्वप्निलच्या आईशेजारी जाऊन बसले आणि तोंडावर हात धरून अगदी हळू काहीतरी म्हणाले. (काय म्हणाले ते नंतर विहीणबाईंनीच मला सांगितलं: "कूलर शोभेले ठेवले का वं यायनं? बाप वीज खात्यातला, अन् घरी वीज वाचवून राहिला.")

खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आबांचा खणखणीत आवाज आला, "शोभेले नाही जी गुलाबराव. माह्यासाठी बंद केले. चालू असले का मले ऐकू येत नाही."

गुलाबरावांचा हात तोंडावरच राहिला. मग त्यांनी वर रुमाल धरला आणि आणखी हळू विचारलं, "म्हाताऱ्याले ऐकू येते का वं?"

"आज येऊन राहिलं," आबा म्हणाले.

गुलाबराव उठून माझ्याकडे आले. "तुमी तर म्हटलं होतं, त्यायले ऐकू येत नाही."

"येत नाही."

"मग आता कसं आलं?"

"मशीनमुळे."

"मशीन तर बिघडलं आहे."

मी पुन्हा तारेपासून सुरुवात केली. ते हात जोडून म्हणाले, "बरं बरं." मग त्यांनी स्वप्निलच्या वडिलांचा दंड धरला आणि "जरा हवा खाऊन येतो" म्हणून त्यांना अंगणात घेऊन गेले.

मे महिन्यात, भर दुपारी, हवा खायला अंगणात. शालू माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "घरापेक्षा ऊन बरं वाटून राहिलं त्यायले. पोट्टीचं लग्न मोडते आता तुमच्यापायी."

खिडकीतून गुलाबराव हातवारे करून काहीतरी बोलताना दिसत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. म्हणजे आम्हाला. आबांनी आपली खुर्ची उचलली, कूलरपासून पार दुसऱ्या टोकाला, अंगणाकडच्या खिडकीशी नेऊन ठेवली आणि गुलाबरावांकडे तोंड करून बसले. माइक गुलाबरावांच्या खिशालाच होता.

मी आबांच्या कानाशी ओरडलो, "काय म्हणतात ते?" आबांना ढिम्म कळलं नाही. हा माझ्या योजनेचा विजय होता: शेजारी ओरडणारा मुलगा बंद, आणि अंगणात कुजबुजणारा गुलाबराव चालू. अख्खी खोली आता आबांचा चेहरा बघत होती. आबांनी भुवया चढवल्या की आम्ही श्वास रोखायचो, ते हसले की सोडायचो. शेवटी मृणाल बाहेर आली, त्यांच्या समोर बसली आणि सावकाश ओठ हलवून तिने विचारलं, "काय म्हणतात आबा?"

"पोट्टी पसंत आहे म्हणते," आबा म्हणाले.

खोलीने श्वास सोडला. स्वप्निलने कोट काढला.

"आणि?" मृणालने विचारलं.

"आणखी बोलून राहिला." आबांनी डोळे मिटून पुढचं ऐकलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पोट धरून हसले. मी खुणेने विचारलं, काय? त्यांनी हात झटकला. "राहू दे गा."

तेवढ्यात स्वप्निलच्या आजी उठल्या. "मेली बाप्पा मी," म्हणत त्या सरळ भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी मोठ्या कूलरचं बटण दाबलं. मी ओरडत धावलो आणि बंद केलं. आबांनी मागे वळून विचारलं, "काय झालं गा? काहून पळून राहिला?"

मी कूलरकडे बोट दाखवलं.

"चालू होता का?"

मी पुन्हा चालू केला आणि कानाला हात लावून दाखवलं: आता? आबा वैतागले. "आता काय? मले गुलाबराव ऐकू येऊन राहिला. मधात येऊ नको."

खोलीत कूलरची गार हवा पसरत होती आणि मी बटणावर बोट ठेवून उभा होतो. मोटारीपासून लांब गेलं की तिचं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने क्षीण होतं, हे शाळेच्या पुस्तकात असतं. मी ते पाठ करून पास झालो होतो. शालू शांतपणे माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"म्हणजे खुर्चीच सरकवाची होती?"

मी बटणावरचं बोट काढलं.

"साऱ्या घराले उकडून काढलं तुमी. अन् खुर्ची सरकवाची होती?"

आजींनी जाऊन उरलेले दोनही कूलर सुरू केले. आबांच्या कानावर त्याचा काही परिणाम झाला नाही. माझ्यावर झाला, मी पाणी प्यायला आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा गुलाबराव आणि स्वप्निलचे वडील उन्हातून परत आले होते, आणि गार खोली बघून त्यांचे चेहरे निवळले होते. आबा खिडकीशीच राहिले, बाकी सगळे आपापल्या जागी बसले. मृणालला स्वप्निलशेजारी बसवलं. आता पसंती विचारायची. गुलाबराव खोलीच्या मधोमध उभे राहिले, सदरा ओढून सरळ केला आणि आबांकडे बघून म्हणाले, "आबाजी, आमचा पोट्टा तुमच्या पसंतीले आहे का? तुमच्या तोंडून हो आलं, तर पुढं जाऊ."

सवयीने माझं तोंड उघडलं. शालूने माझी बाही ओढली. मृणाल आबांकडे बघत होती, ओठ न हलवता, काहीच न सांगता.

आबा उठून उभे राहिले. मशीन लावलेल्या कानाला त्यांनी एकदा हात लावला.

"ऐकलं," ते म्हणाले. "सगळं ऐकलं. पोट्टा पसंत आहे. तुमची माणसं पसंत आहेत. माह्या नातीचा आवाजबी मी ऐकला, आता मले काही नको." मृणाल रडायला लागली. आबा थांबले, गुलाबरावांकडे वळले आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "अन् अंगणात माह्या पोराबद्दल तुमी जे म्हटलं, तेबी मंजूर आहे."

गुलाबरावांचा हात हळूहळू खिशाकडे गेला. माइक तिथेच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तारांकडे बघितलं, आणि कारखान्यात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला पहिल्यांदा कळलं की यंत्र चालू आहे. स्वप्निलच्या वडिलांना हसू आवरेना.

"काय म्हटलं होतं मामा?" मृणालने डोळे पुसत विचारलं.

गुलाबराव सज्जन माणूस. त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मी म्हटलं, पोट्टी गुणाची आहे, म्हातारा मोठ्या मनाचा आहे. फक्त बाप अर्धवट आहे. पण बापाले कुठं आपल्या घरी नांदाचं आहे?"

त्या दिवशी पुढे लग्नाच्या तारखेवर वाद झाला, हॉलवर झाला, वरातीच्या बँडवरही झाला. दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांनी एकमताने मंजूर केलेला ठराव एवढा एकच, आणि तो आबांना शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू यावा म्हणून भिंतीच्या कडेकडेने रांगत तार मीच टाकली होती.